बांधबाबाचा अंगारा

अमडापूरच्या बांधबाबाची रांग एवढी लांब, की तिचं शेपूट चिखलीत वळवळतं असं लोक सांगत. गळू, करट, फोड, सुजलेले पाय, सगळा जथा उन्हात ताटकळत होता.

"डॉक्टरची कॅप्सूल मुतातून वाहून जाते!" बाबा गरजला. "माहा अंगारा तिले बांध घालते. चार दिवसाची सूज दोन दिवसात!"

आणि खरंच की, कॅप्सूलसोबत अंगारा घेतलेल्या चौघांचे फोड बसले होते. उकंडरावाचा जन्म शेतात गेलेला. बांध म्हटल्यावर त्याला लगेच पटलं. एवढा जोर बांधात आहे, तर कॅप्सूल कशाला? बायकोचा, गोजरबाईचा, पाय सुजला होता; डॉक्टरची कॅप्सूल बंद करून त्यानं तिला तीन दिवस नुसता अंगारा चारला. पायाची लाली घोट्यावरून गुडघ्यावर चढली, अंग तापानं फणफणलं. आज तो दुप्पट अंगारा मागायला आला होता. एक पाय रांगेत, एक घराकडे.

त्याच्यामागे उपकेंद्राची नर्स सुवर्णा येऊन उभी राहिली. गोजरबाईचा पाय पाहून ती तडक इकडे आली होती.

उकंडरावाचा नंबर लागला. "बायकोले मुतखडा नाही ना?" बाबानं विचारलं. "वरून तांब्याभर पाणी पाजजो."

"काहो बाबा," सुवर्णा म्हणाली, "देव मुतखड्याले काऊन भेते?"

रांग खिदळली.

"देवाची परीक्षा पाह्यतं काय वं?" बाबा खेकसला.

"देवाची नाही, खलबत्त्याची!" बाबामागच्या पडद्याखालून खलबत्ता डोकावत होता; तिनं तो पडदा सर्रकन ओढला. खलबत्त्यात पांढरी भुकटी, शेजारी गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचा ढीग. तिनं एक उचलून वाचलं, "प्रोबेनेसिड! ही गोळी कॅप्सूल लघवीवाटे लवकर जाऊ देत नाही, रक्तात टिकवते. डॉक्टर कधीकधी जोडीला देतात; पण किडनी तपासून, मुतखडा नाही ना ते पाहून, बाकीची औषधं विचारून. राखेत कालवून नाही!"

"मंग माह्या गोजरीले गुण काऊन नाही?"

"मामा, जंतू मारते कॅप्सूल. तेच तुम्ही बंद केली. कोरड्या नाल्याले बांध घालून काय अडवून राह्यले?"

उकंडरावाचं तोंड पांढरंफटक पडलं. "जगन का वं ते?"

"दवाखान्याची गाडी तुमच्या दारात लावून आली मी. पळा आधी!"

तो धावत सुटला. पण फाटकापाशी थबकला, रांगेकडे वळला आणि ओरडला, "मी विचारलं नाही रे, तुम्ही तरी विचारा! पुडीत काय आहे त्याचं नाव जो सांगत नाही, त्याच्या हातचं तोंडात टाकू नका!"

रांगेत आता पुढं आलेल्या सोजराबाईनं पसरलेला हात मागे घेतला.

"हं, सांग बाप्पा," ती बाबाला म्हणाली, "आधी नाव सांग."