मधोमध बंद पडणारी स्कूटर

परत बंद पडली तेव्हा मी स्कूटरकडं बघतच नव्हते. मी बघत होते माणिकप्पामामांच्या होडीकडं.

आमची वॉटर स्कूटर तलावाच्या मधोमध गप्प झाली रे झाली, की ही होडी तिथं हजर! दोरी टाकायची, वल्हवत काठाला ओढून आणायचं आणि वर मिशीतल्या मिशीत हसायचं. काठाला आल्यावर आमचे अप्पा टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघायचे, झाकण लावायचे, बटण दाबायचे आणि स्कूटर लगेच चालू! जसं काही झालंच नव्हतं. आता तुम्हीच सांगा, संशय कुणावर येईल?

त्यात माणिकप्पामामांकडं कारणही होतं. आमचं अर्धं रान तलावात गेलं, उरलेला तुकडा काठाला आला. तिथंच मामांची होडी कायम बांधलेली. सुट्टीला उमरग्याहून माणसं यायची, मामा त्यांना फिरवून आणायचे. मग अप्पांनी मालवणहून जुनी वॉटर स्कूटर आणली. दिवाळीत तिच्यावर बसायला ही गर्दी! अप्पा पुढं, गिऱ्हाईक मागं, आणि किंचाळ्या थेट आमच्या शाळेपर्यंत. होडीत कोण बसतंय मग? मामांना उरले नुसते मासे.

दिवाळीत स्कूटर एकदाही रुसली नाही. मग येळवस आली. आमच्याकडं वेळ अमावस्येला सगळे रानात जेवायला जातात, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील रानभर शिंपडतात. आमचं रान पाण्याखाली. म्हणून अप्पांनी काठावर कडब्याची कोप, म्हणजे बारकी झोपडी, उभारली, पूजा केली आणि सुगड्यातली आंबील घेऊन स्कूटरलाच प्रदक्षिणा घातली. "आता हेच आपलं शिवार," म्हणत पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी मनसोक्त शिंपडली. मामाही जेवायला होते. सगळ्या भाज्या-शेंगांची घट्ट भज्जी दोनदा मागून घेतली त्यांनी.

आणि त्यानंतरच स्कूटर बंद पडायला लागली. म्हणजे बघा, जेवून गेले आणि उलटले, असं मला वाटलं.

अप्पांनी उमरग्याहून नंदीशदादाला बोलावलं. तो मोटारसायकलींचा मेकॅनिक, पण कुठलंही इंजिन खोलतो. त्यानं प्लग काढून पुसला. मनगटाला बांधायची लाल दोरी तपासली, कारण ती निसटली की इंजिन बंद पडतं. मग टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उन्हात ठेवलं.

"कुणी पाणी मिसळलं असंल तर खाली बसंल," तो म्हणाला.

आम्ही बाटलीकडं टक लावून बसलो. खाली काहीच बसलं नाही.

"मशीन चांगली हाय अण्णा," नंदीशदादा हात पुसत अप्पांना म्हणाला. "तुमचा कुणावर डाऊट हाय का?"

अप्पांनी नुसतं होडीकडं बघितलं. झालं! मी त्याच दिवशी पहारा सुरू केला. शाळा सुटली की दप्तरासकट काठावर. आणि मला लगेच यश आलं! स्कूटर ट्रॉलीवर काढून ठेवलेली आणि माणिकप्पामामा तिच्या कुशीला वाकून बोटांनी काहीतरी करतायत.

"मामा, काय करताय?" मी एकदम मागून ओरडले.

ते दचकले. दचकले म्हणजे दचकलेच! "काय न्हाय गं शिवप्रिया. मुंग्या झटकतोय."

मुंग्या! मी पळत जाऊन अप्पांना सांगितलं. अप्पा तसेच उठले, पायात चप्पलही नाही.

"पेट्रोलच्या मशीनीला मुंग्या लागत्यात व्हय रे माणिकप्पा? उद्या मासे बाभळीवर चढले म्हणशील!"

"अण्णा, खरंच होत्या. म्या कशाला खोटं बोलू?"

"ते तुझं तुला म्हाईत. रविवारी होडी हलव इथनं. काठ माझा हाय."

मामांचा चेहरा उतरला. पलीकडच्या काठाला नुसता चिखल. तिथं रस्ता नाही, मासे न्यायला येणारा टेम्पो तिथं पोचत नाही. हे अप्पांना माहीत होतं. मलाही. पण मला तेव्हा फार भारी वाटत होतं, चोर पकडल्यासारखं.

रविवारी मी सकाळपासून स्कूटरजवळून हलले नाही. मामा लांब बसून जाळी गुंडाळत होते. कुणी जवळ फिरकलं नाही, एक कुत्रंसुद्धा नाही. मी लाइफ जॅकेट घालून अप्पांच्या मागं बसले आणि आम्ही निघालो. काय वारा! काय पाणी उडत होतं! मी ओरडणारच होते, तेवढ्यात इंजिन खोकलं, अडखळलं आणि बंद. बरोबर मधोमध.

"कालच काहीतरी करून ठेवलं असंल त्यानं," अप्पा दात आवळत म्हणाले.

मी हात हलवला. मामांनी बघितलं आणि परत जाळ्यात मान घातली. आज होडी येणार नव्हती. हलवायची होती ना ती!

मग काय करणार? अप्पांनी तिथंच टाकीचं झाकण फिरवलं. आणि मला आवाज आला. सूऽऽक! बाहेरची हवा आत ओढल्याचा. काठावर गलक्यात तो कधी ऐकूच आला नव्हता. अप्पांनी झाकण लावून बटण दाबलं. चालू!

"अप्पा, थांबा! आई तेलाच्या डब्याला दोन भोकं का पाडते?"

"आत्ता काय तेलाचं काढलंस?"

"सांगा तरी!"

"एकातनं तेल येतं, दुसऱ्यातनं हवा जाती."

"मग टाकीत हवा कुठनं जाती? पेट्रोल संपत जातं आणि हवा जात नसंल, तर इंजिन ओढणार कसं? आपण झाकण उघडतो तेव्हाच तिला श्वास मिळतो!"

अप्पा मान वळवून माझ्याकडं बघत राहिले. "पाइप हाय की त्याला. कुशीला बारीक भोक हाय, तिथं निघतो."

कुशीला! मामा जिथं वाकले होते, तिथंच.

आम्ही काठाला आलो, स्कूटर ट्रॉलीवर घेतली. भोक सापडायला वेळ लागला नाही, कारण तिथं पांढरट खपली होती. मी केसातली पिन काढून टोचली. आतून वाळलेला, दगडासारखा घट्ट गोळा निघाला. वास घेतला. आंबट.

"अप्पा, ही ज्वारी हाय."

त्यांनी तो गोळा तळहातावर घेतला आणि खाली बसले. ट्रॉलीच्या दांडीवरून मुंग्यांची रांग वर चढत होती.

भोक साफ करून आम्ही परत पाण्यात गेलो. पलीकडच्या काठापर्यंत जाऊन आलो, मधे कुठं साधी उचकीसुद्धा नाही.

मामांनी तोवर होडीची दोरी सोडली होती. अप्पा गुडघाभर पाण्यात गेले आणि होडीची कड धरली.

"राहू दे माणिकप्पा."

"का? मुंग्या गेल्या व्हय?"

"आंबील होती. येळवशीची. म्याच शिंपडली."

मामा मोठ्यांदा हसले. "पुढच्या येळवशीला माझ्या होडीवर शिंपडा अण्णा! लई ठिकाणी गळती, बुजून तरी जाईल."

अप्पाही हसले. मी पुढं झाले. "मामा, माझं चुकलं."

"तू लई हुशार हायेस," ते म्हणाले. माझ्याकडं न बघता.

होडी तिथंच राहिली. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी काठावर गेले. मामांची वल्ही नेहमी होडीत उघडी पडलेली असायची, कुणीही उचलावीत अशी. आज ती साखळीनं बांधली होती. साखळीला नवं कुलूप होतं.