ब्रेकवर पाय कुणाचा?

गाडी नगराध्यक्षांच्या पोटापासून हातभर अंतरावर थांबली आणि चौकात अशा टाळ्या पडल्या की दुकानांच्या पत्र्यांवरची कबुतरं उडून गेली.

"पाहिलंत?" गाडीच्या कंपनीचे साहेब गळ्यातल्या माइकवरून गरजले. "आत ड्रायव्हर नाही! स्टेअरिंगला हात नाही, ब्रेकला पाय नाही! माणूस पेंगतो, माणूस पितो, माणूस बायकोशी भांडून गाडीत बसतो. हिला बायको आहे का?"

"नाही!" गर्दी ओरडली.

"म्हणून ही चुकत नाही!"

गाडीच्या टपावरच्या भोंग्यातून गोड आवाज आला, "मी तुम्हाला पाहिलं आहे. कृपया रस्ता ओलांडा."

नगराध्यक्षांचे डोळे भरून आले. निवडून आल्यापासून त्यांच्याशी इतक्या अदबीनं कुणी बोललंच नव्हतं.

महिनाभरात गावाला त्या गाडीचं वेडच लागलं. एक म्हातारबाबा रोज सकाळी मुद्दाम तिच्यासमोर उभे राहायचे. घरात दोन मुलगे, दोन सुना, पण 'मी तुम्हाला पाहिलं आहे' असं म्हणणारी ही एकटीच. एकदा काचवाला मोठा आरसा घेऊन रस्ता ओलांडत होता. गाडीला आरशात गाडी दिसली. ती थांबली. आरशातलीही थांबली. 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' असं अर्धा तास चाललं. काचवाल्याचे हात भरून आले, पण लोक त्याला हलू देईनात. "काय तिचा विनय!" म्हणत उभे.

इथवर मीही हसलो. मग एक दिवस शाळा सुटताना एका आईला मुलीशी बोलताना ऐकलं. "इकडं तिकडं काय बघत बसलीस? पळ सरळ. गाडी बघते ना आपल्याला!"

माझा पाय जागच्या जागी फुटपाथवर दाबला गेला.

त्या पायाचं सांगायला हवं. मी पंचवीस वर्षं लोकांना गाडी शिकवतोय. माझ्या गाडीत ब्रेक दोन, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा माझ्या. ट्रक समोर आला की मी दाबतो, आणि शिकणारा घरी जाऊन सांगतो, "आज काय सफाईनं थांबवली म्हणून सांगू!" मी गप्प बसतो. पण पायाला खोड लागली ती लागलीच. सिनेमात गाडी जोरात आली तरी मी पुढच्या खुर्चीला लाथ घालतो. गाव मला ब्रेकमास्तर म्हणतं, ते त्यामुळंच.

तर त्याच आठवड्यात ताईकडं जेवायला गेलो. भाचीला त्या गाडीच्या कंपनीत नोकरी लागली होती. 'निरीक्षक' असं पद होतं. चौकातल्या लाँड्रीच्या वरच्या खोलीत बसायचं आणि पडद्यावर गाडी नुसती बघायची. ताई सगळ्यांना सांगत सुटलेली, "बसून काम आहे हो, एसीत!"

भाची समोर बसून भात चिवडत होती. बाहेर एक स्कूटर करकचली आणि टेबलाखाली धप्प आवाज झाला. तिचा उजवा पाय. थोड्या वेळानं मांजर आडवी गेली. पुन्हा धप्प.

मी ताटातला हात थांबवला. "काय गं, तू तर नुसती बघतेस ना?"

"हो."

"मग हा पाय कुठून आणलास? हा माझा पाय आहे."

ती रडायलाच लागली. ताई म्हणाली, "अरे, जेवताना कशाला छळतोस पोरीला?"

दुसऱ्या दिवशी साहेब जेवायला गेल्यावर तिनं मला खोलीत नेलं. इस्त्रीच्या वाफेचा वास, दोन पडदे, एक खुर्ची. आणि खुर्चीखाली, शपथेवर सांगतो, ब्रेकचं पायडल. चौकात नसलेला पाय इथं बसत होता.

"गाडीला काहीच दिसत नाही का गं?"

"दिसतं ना, मामा. रस्ता दिसतो, पट्टे दिसतात, दिवे दिसतात. माणूस दहा वेळा आडवा आला तर सातदा दिसतो. उरलेल्या तीनदा मी दाबते. आणि ते तीनदा कधी येणार, ते कुणालाच माहीत नसतं. पडद्यावर चित्रसुद्धा डोळ्याची पापणी लवेल इतकं उशिरा येतं. परवा म्हातारबाबा..." ती थांबली. "परवा वीतभर राहिले होते."

"साहेबांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, थांबली ना? मग झालं तर."

मग तिनं सही केलेला कागद दाखवला. त्यात लिहिलं होतं की वाहन स्वतः चालतं, निरीक्षकानं फक्त लक्ष ठेवायचं, आणि अपघात झालाच तर निरीक्षकाचं लक्ष नव्हतं असं धरलं जाईल. म्हणजे थांबली तर गाडी हुशार, नाही थांबली तर माझी भाची बेजबाबदार.

"आत्ता एकच गाडी आहे," ती म्हणाली. "सोमवारपासून सहा. शाळा सुटायच्या वेळेला. माझ्या एकटीकडं. मामा, मला पाय एकच आहे हो."

मी धावपळ सुरू केली. वाहन परवान्याच्या कचेरीत म्हणाले, "परवाना ड्रायव्हरला देतो आम्ही. हिला ड्रायव्हरच नाही, तर कागद कुणाचा तपासू?" पोलीस चौकीत हवालदारानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "अपघात झालाय का?" नाही म्हटलं. "मग झाल्यावर या." नगराध्यक्ष म्हणाले, "अहो, मी स्वतः उभा राहिलोय तिच्यासमोर!" मी म्हटलं, तुम्ही सातातले होता. त्यांना ते कौतुक वाटलं.

शुक्रवारी संध्याकाळी ताई माझ्या दारात बसून होती. "नोकरी सोड म्हणते मी तिला, तर ती म्हणते, मी उठले तर दुसऱ्या कुणाला बसवतील आणि त्याला काहीच माहीत नसेल. काय करू रे मी?" मी उठून गाडीचे जुने टायर मोजायला लागलो.

शनिवारी सकाळी साहेबांचा मोठा जाहीर प्रयोग होता. मी भर गर्दीत हात वर केला. "साहेब, तुमची गाडी माणसाला बघते ना? मग दहा वेळा दाखवा. पण समोर माणूस नको. शिंप्याचा पुतळा ठेवू."

साहेब हसले. "माणूस काय नि पुतळा काय! दहा काय, शंभर वेळा दाखवतो!"

मी रस्त्याची दोन्ही तोंडं दोरीनं बंद केली. एकूण एक माणूस दोरीबाहेर काढला. टोकाला माझ्याकडच्या जुन्या टायरांची छातीइतकी भिंत रचली. लोक म्हणाले, "भित्रा आहे ब्रेकमास्तर." शिंप्यानं पुतळा आणला, तो नगराध्यक्षांचा नवा कोट घालून. हा कोट अजून त्यांच्या घरी पोचायचा होता.

"हा कशाला घातलास रे?"

"गाडीला कळायला नको का, कुणीतरी मोठं माणूस उभं आहे ते?"

लाँड्रीवरच्या खोलीला कुलूप लागलं होतं. भाची खाली, माझ्याशेजारी दोरीला धरून उभी होती. साहेबांना पत्ता नव्हता.

पहिल्यांदा गाडी आली. थांबली. टाळ्या.

दुसऱ्यांदा थांबली. तिसऱ्यांदा. माझ्या तोंडचं पाणी पळालं. चौथ्यांदा थांबली तेव्हा कुणीतरी शिट्टी मारली. पाचव्यांदाही ती कोटासमोर नम्रपणे उभी राहून म्हणाली, "मी तुम्हाला पाहिलं आहे."

"झालं का समाधान, मास्तर?" साहेब म्हणाले. गर्दी हसायला लागली. "चला रे घरी!" लोक पांगायला लागले.

"थांबा!" मी अक्षरशः हात जोडले. "दहा म्हणाले होते! पाया पडतो तुमच्या, दहा होऊ द्या!"

ताईनं माझी बाही ओढली. "अरे, शोभा करून घेऊ नकोस."

भाची पांढरीफटक पडली होती. "मामा, सात म्हणजे पहिली सातसुद्धा असू शकतात. सगळे निघून जातील. आणि सोमवारी..."

"जाऊ दे, मास्तरांचं मन राखू," साहेब दिलदारपणे म्हणाले आणि त्यांनी हातातल्या फोनवर बोट टेकवलं.

सहाव्यांदा गाडी आली. तसाच उजेड, तोच पुतळा, तोच कोट. मी पाय दाबला. भाचीनंही दाबला. डांबर कुणाचं ऐकणार!

गाडीनं वेगसुद्धा कमी केला नाही. नगराध्यक्षांचा कोट हवेत उडाला. बाह्या पसरून, जणू सभेला उद्देशून काही सांगायचंय. मुंडकं घरंगळत खऱ्या नगराध्यक्षांच्या पायाशी आलं. गाडी टायरांच्या भिंतीत घुसली, थरथरत थांबली आणि टायरांना म्हणाली, "मी तुम्हाला पाहिलं आहे. कृपया रस्ता ओलांडा."

म्हातारबाबा मटकन खाली बसले. त्या दिवशी शाळेजवळ दिसलेली आई मुलीचा हात इतका घट्ट धरून होती की पोरगी कळवळली.

साहेबांनी फोन कानाला लावला. माइक गळ्यातच होता. सगळ्या चौकानं ऐकलं, "मूर्ख मुली, ब्रेक का नाही दाबलास? झोपलीस काय खुर्चीत?"

माझ्या शेजारी फोन वाजत होता. भाचीनं तो उचलला. "मी इथं आहे, साहेब. तुमच्या समोर. ड्रायव्हर नाही म्हणालात ना? म्हणून खाली आले."

मग आख्खा चौक लाँड्रीचा जिना चढला. खुर्ची, पडदे, पायडल सगळ्यांनी बघितलं. नगराध्यक्षांनी ते पायडल हातानं दाबून पाहिलं आणि बराच वेळ स्वतःच्या पोटाकडं बघत राहिले. सोमवारच्या सहा गाड्या रद्द झाल्या.

पण गोष्ट संपली असं समजू नका. आठवड्यानं कंपनीचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की वाहनाची चाचणी यशस्वी झाली आहे, निरीक्षक जागेवर नव्हती, सबब तिला कामावरून काढण्यात येत आहे. आणि तीच गाडी आता पुढच्या गावात फिरते आहे. तिथंही लाँड्री असेल, वरची खोली असेल, कुणाची तरी भाची असेल.

आज मी आणि भाची त्या गावाला निघालो आहोत. शेजारच्या सीटवर पुतळा आहे, मान शिवून घेतलेला. कंडक्टर त्याचं तिकीट मागतोय.

तुमच्या गावात ती गाडी आली तर तुम्ही एवढंच करा. ती थांबली म्हणून टाळ्या वाजवू नका. किती वेळा थांबली नाही, ते विचारा. तेव्हा ब्रेकवर पाय कुणाचा होता आणि कागदावर सही कुणाची, तेही विचारा. यंत्र वाईट नसतं. शिकेल तेही एक दिवस, माझ्याकडं आलेले सगळेच शिकले. पण शिकाऊ माणसाला मी आधी रिकाम्या मैदानात नेतो, शाळेच्या दारात नाही. आणि तो पक्का होईपर्यंत दुसऱ्या ब्रेकवर माझा पाय असतो. सगळ्यांना दिसेल असा, माझ्या नावानिशी.

तोपर्यंत रस्ता ओलांडताना दोन्हीकडं बघा. पोरांनाही सांगा. कुणी कितीही गोड आवाजात म्हणालं, 'मी तुम्हाला पाहिलं आहे', तरी.