बिनपुडीची पट्टी

सुनेने यंत्रातून काढलेली प्लास्टिकची पट्टी दोन्ही हातांत धरून वाकवली आणि ती काडकन मोडली.

ती हातातल्या दोन तुकड्यांकडे बघतच राहिली. नायलॉन आणि पॉलिप्रॉपिलीन, ही दोन प्लास्टिकं वितळवून कितीही घुसळली तरी त्यांचं एकमेकांशी जमत नाही. थंड झाली की जोडातून सुटतात. तिने शोधलेली पूड मात्र यंत्राच्या तापल्या नळीत, स्क्रू फिरत असतानाच दोघांना सांधणार होती. कमी पडू नये म्हणून तिने ती सढळ हाताने घातली होती. आज पट्टी टिकली नाही तर यंत्र विकायचं आणि बापलेकांनी वेगळं व्हायचं, असं घरात ठरलं होतं.

"त्याला सांग, गिऱ्हाइकाला फोन कर," सासरे खिडकीकडे बघत म्हणाले. "म्हणावं, आमच्याच्याने नाही होणार."

नवरा चार हातांवर उभा होता. त्याला सगळं ऐकू आलं होतं, तरी तिने ते त्याला सांगितलं. वर्षभर अबोला धरलेल्या बापलेकांचं बोलणं तिच्याच तोंडून चाललं होतं. त्यातलं तिखट गाळता गाळता तिच्या नाकी नऊ आले होते.

नवऱ्याने चिडून दुसरी पट्टी उचलली. ही बिनपुडीची, त्याच यंत्रातून मागाहून काढलेली, नुसती तुलनेसाठी. ही मोडणारच होती. त्याने ती वाकवली, पार टोकाला टोक लावलं. मोडेना. सोडली तशी ती सरळ झाली.

तिने वळून यंत्राच्या नळीकडे पाहिलं.

"दोन पट्ट्यांच्या मधे यंत्र साफ केलं होतं ना?" तिने विचारलं.

"ते बाबांचं काम," नवरा म्हणाला.

"विचार त्याला, नळी धुऊन काढायचे सफाईचे दाणे कोण आणून देणार होतं?" सासरे तिला म्हणाले.

दाणे मागायचे तर एकमेकांशी बोलावं लागलं असतं. म्हणून यंत्र तसंच राहिलं, आणि आत उरलीसुरली पूड या पट्टीत उतरली. तेवढीच पुरली होती. तिने ओतलेल्या ढीगभर पुडीने मात्र माल ठिसूळ केला होता. हे लक्षात आलं तेव्हा तिला हसावं की रडावं ते कळेना.

सासऱ्यांनी पट्टी घेऊन वाकवून पाहिली.

"किती उरली असेल रे आत?"

ती सवयीने नवऱ्याकडे वळली. "बाबा विचारताहेत..."

"मूठभर, बाबा. फार तर."

दोघं यंत्राकडे गेले. ती तिथेच उभी राहिली. अर्धं राहिलेलं वाक्य आता कोणाला सांगायचं, हे तिला सुचेना.