चाकांना हात

"आजोबांचं काही पडलंय का?" रस्त्याकडेच्या टपरीवर होणाऱ्या व्याह्यांनी चहाचा कप सावरत विचारलं.

बाबा गाडीच्या मागच्या चाकापाशी वाकले होते. एक हात गुडघ्यावर, दुसरा चाकाला उलटा लावलेला, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. बसच्या डेपोत त्यांनी चाळीस वर्षं फिटरचं काम केलं. गाडी थांबली की चारही चाकं तापलीत का ते बघितल्याशिवाय पाण्याचा घोटही घ्यायचे नाहीत. भंगारातून उभी केलेली आमची तेव्हाची गाडी, चौघांच्या जागेत आम्ही सात जण आणि दर सुट्टीत हाच रस्ता. चाकं बघून झाली की मगच आम्हा पोरांना खाली उतरायची परवानगी. ऑफिसात हे मी इतक्यांदा रंगवून सांगितलंय की शिपायालाही पाठ आहे.

पण ऑफिसात सांगणं वेगळं. लेकीचं लग्न ठरलं होतं, व्याही बँकेत मोठ्या हुद्द्यावर. दोन्ही घरांची ओळख वाढावी म्हणून ही दोन दिवसांची सहल मीच काढली होती. बाबांची काळी झालेली बोटं बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "लक्ष देऊ नका. वय झालंय. हल्ली डोकं ठिकाणावर नसतं त्यांचं."

बाबांचे कान अजून तिखट आहेत. त्यांनी हात काढला, रुमालाला पुसला आणि उरलेली तीन चाकं न बघताच गाडीत जाऊन बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी व्याह्यांना बिस्किटांचा आग्रह करत राहिलो.

पुढे घाट लागला. बाबांशेजारी बसलेली माझी लेक म्हणाली, "आजोबा, इथेच ब्रेक गेला होता ना तुमचा? सांगा ना काकांना."

ही गोष्ट म्हणजे बाबांचा जीव की प्राण. दर वेळी गाडी थोडी जास्त घसरायची, दरी थोडी जास्त खोल व्हायची. त्यांनी आरशातून एकदा माझ्याकडे बघितलं.

"नाही गं आठवत आता."

"असं काय करता? तुम्हीच तर नेहमी सांगता."

"वय झालं, बाळा. डोकं ठिकाणावर नसतं."

"चालायचंच," व्याही समजूतदारपणे म्हणाले.

या माणसाला इथलं वळण न् वळण ठाऊक आहे, खोटं मी बोललो, एवढंच सांगायचं होतं. पोराचा शब्द खोटा पडू नये म्हणून ते ऐंशीव्या वर्षी वेडे ठरायला तयार झाले होते आणि मी गिअर बदलत होतो. स्वतःची इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

घाट उतरला. झाडांमागे समुद्राची रेघ दिसू लागली.

"आपण कुठे निघालोय रे?" बाबांनी विचारलं.

मी गावाचं नाव सांगितलं, दर सुट्टीत ते आम्हाला न्यायचे तेच.

"असं का," ते म्हणाले. "मी कधी गेलो नाही तिकडे."