सुनेसाठी रिव्हॉल्वर

टोस्टरमधून पाव खट्‌कन वर उडाला आणि रेलिनच्या हातातला कप ओट्यावर आपटला. घर इतकं गप्प होतं की तो आवाज पार मागच्या खोलीपर्यंत गेला असेल. कप फुटला नाही, कॉफी मात्र सगळी सांडली. टेबलापाशी पाय हलवत बसलेली ओपल टोस्टरला दचकलीच नव्हती. ती दचकली आईच्या दचकण्याला. पाच वर्षांची पोर. ओठ घट्ट मिटून खुर्चीवरून उतरली, फडकं घेऊन आली आणि एक शब्द न बोलता कॉफी पुसायला लागली.

रेलिनने कप सरळ केला. सांडलेलं गुपचूप पुसून टाकायचं, हे या पोरीला शिकवलं कुणी? तिनेच. दुसरं होतं कोण शिकवायला?

शाळेची बस डोंगरातल्या त्यांच्या घळीच्या तोंडाशी येते. ओपलला बसमध्ये चढवून रेलिन ट्रेलरच्या घराकडे परतली तेव्हा दारात व्हर्लीनचा जुना ट्रक उभा होता, इंजिन चालूच. व्हर्लीन तिची सासू. ओपल जन्मल्यापासून सगळं घर तिला मॅमॉ, म्हणजे आजी, म्हणायला लागलं, आणि घर फुटलं तरी ते नाव तेवढं टिकलं. रेलिनच्या नवऱ्याच्या, कोल्बीच्या खटल्याच्या दिवशी ती कोर्टात अगदी मागे, दाराला लागून बसली होती. ना मुलाच्या बाजूला, ना सुनेच्या. त्यानंतर फारशी आलीच नाही. आली तरी सफरचंदाच्या मुरांब्याची बरणी पायरीवर ठेवायची आणि दार न वाजवता निघून जायची.

आज बरणी नव्हती.

"शुक्रवारी सोडताहेत त्याला," काच खाली करून व्हर्लीन म्हणाली. "तुरुंगातून फोन आला होता त्याचा."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, सरळ वर घळीत येतो आणि माझ्या वस्तू घेऊन जातो."

"त्याच्या वस्तू मी सगळ्या तुमच्याकडे पोचवल्यात, मॅमॉ. बूटसुद्धा."

"मीही तेच म्हटलं त्याला." व्हर्लीन स्टिअरिंगवरच्या स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. "तो बुटांबद्दल बोलत नव्हता, पोरी."

कोर्टाचा मनाई हुकूम रेलिनने फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवला होता. कोल्बीने जवळ फिरकायचं नाही, असं त्यावर ठसठशीत छापलेलं. पण शेरीफचा माणूस घळीत पोचायला पाऊण तास लागतो, हे कोल्बीलाही ठाऊक होतं. ऑगस्टात त्याने दार फोडलं तेव्हा तेवढा वेळ त्याला पुरून उरला होता. शहरात अशा बायकांसाठी आसरा आहे. तिथे ती फोन करून करून दमली. जागा झाली की कळवतो, म्हणायचे. आई नाही, भाऊ नाही. मैत्रिणी होत्या, त्या कोल्बीने एकेक करून तोडल्या.

"मी काल गार्लंडच्या दुकानात गेले होते." बोलायचं नव्हतं, निसटून गेलं. "पिस्तूल बघायला."

व्हर्लीनने इंजिन बंद केलं.

"हातात दिली त्याने दोन-चार. पण चालवून बघू देईना. म्हणे, पहिल्यांदा येणाऱ्या एकट्या माणसाला आम्ही नेमबाजीच्या रेंजवर सोडत नाही, सोबत कुणीतरी आणा. मागे कुणी असाच एकटा आला होता म्हणे, आणि नळी स्वतःकडेच..." रेलिनने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. "मला म्हणाला, तुमच्याबद्दल नाही म्हणत बाई, नियमच आहे. पण बघत माझ्याकडेच होता. खरं सांगू, त्याचंही काही चुकलं नाही."

"मग कुणाला तरी न्यायचं सोबत."

"कुणाला नेऊ?"

व्हर्लीनने वाकून पलीकडचं दार आतून ढकललं. "बस."

"मॅमॉ, तुम्हाला कळतंय ना, मी ते कशासाठी..."

"बस म्हटलं ना. थंडी आत येतेय."

वाटेत ओढ्याच्या काठाने बर्फ साचलं होतं, कोळशाच्या धुळीने करडं पडलेलं.

दुकानात काचेच्या कपाटावर नाताळच्या माळा सोडल्या होत्या आणि त्या लुकलुकणाऱ्या दिव्यांखाली पिस्तुलं ओळीने मांडली होती. पोटापर्यंत दाढी असलेला गार्लंड व्हर्लीनला बघून ओरडलाच, "मिस व्हर्लीन! परसात अस्वल आलं की काय?"

"अस्वलाला मी झाडूने हाकलते, गार्लंड."

"मग त्या बिचाऱ्या अस्वलाचीच..." व्हर्लीनच्या पाठीमागे त्याला रेलिन दिसली आणि हसू दाढीतच विरलं. ऑगस्टची हकीकत गावात कुणाला ठाऊक नव्हती असं नाही. कुणासाठी, कशासाठी, त्याने विचारलं नाही. हात पुसले आणि कपाट उघडलं.

"बायका बहुतेक हेच नेतात. पर्समध्ये मावतं, वजनाचं नावच नाही."

जांभळ्या मुठीचं, तळहाताएवढं. रेलिनच्या हातात ते इतकं छान बसलं की क्षणभर तिला बरंच वाटलं.

"ठेव खाली ते," व्हर्लीन म्हणाली.

"का? माझा हात लहान आहे."

"म्हणूनच. जितकं हलकं, तितका झटका जास्त. एकदा उडवशील, आणि मग हात उचलायचा नाही तुझा. एकाने भागेल असं समजू नकोस."

गार्लंडने दुसरं दिलं, जरा मोठं. त्याचा वरचा भाग मागे ओढून सोडला की गोळी नळीत चढते. रेलिनने उजव्या हातात मूठ धरली, डाव्याने ओढलं. अर्ध्यावर येऊन अडकलं. पुन्हा ओढलं. मनगटातून कळ थेट कोपरापर्यंत गेली आणि बोटं आपोआप सुटली.

"सवयीने येतं हो," गार्लंड समजुतीच्या सुरात म्हणाला.

"सवय व्हायला तिच्याकडे शुक्रवारपर्यंत वेळ आहे."

व्हर्लीन सुनेच्या मनगटाकडे बघत होती. ऑगस्टात मोडलेलं हाड जरा वाकडंच जुळलं होतं. बाहीखाली झाकलं जायचं, आता ओढाताणीत बाही वर सरकली होती. कोर्टात डॉक्टरांनी फोटो दाखवले तेव्हा व्हर्लीनने मान खाली घातली होती. आज ती बघत राहिली. मग तिने बाही हळूच खाली ओढून दिली.

"ते खालच्या फळीवरचं दे बघू. जुनं, पोलिसांकडचं."

"विटेसारखं जड आहे ते, मिस व्हर्लीन."

"वीटच हवीय मला."

लोखंडी रिव्हॉल्वर होतं, मुठीचं पॉलिश गेलेलं. ओढाताण काही नाही. सहा गोळ्या भरायच्या, चाप ओढायचा. व्हर्लीनने अंगठ्याने गोळ्यांची गोल पेटी बाहेर ढकलली, उजेडाकडे धरून प्रत्येक भोकातून पाहिलं, तळव्याने फिरवली आणि कानाजवळ नेऊन तिची टिकटिक ऐकली. ही लकब रेलिनने शेकडो वेळा पाहिली होती. कोल्बीची. त्याचा बाप खाणीत राबायचा, त्यामुळे पोराला नेम धरायला शिकवलं ते आईनेच, कुंपणावर रिकामे डबे मांडून. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात कोल्बी कौतुकाने सांगायचा, माझ्या आईचा नेम अख्ख्या घळीत नाही कुणाचा.

रेंज दुकानाच्या मागे होती. लांबट, थंडगार, बंदुकीच्या दारूच्या वासाने भरलेली खोली. गार्लंडने माणसाच्या आकाराचा काळा कागद पुढे केला.

"तो नको. गोल दे, वर्तुळांचा."

"घरात वापरायला शिकायचं तर आम्ही शक्यतो..."

"गोल म्हटलं ना."

कानांवर जाड झाकणं चढवली आणि जग गप्प झालं. मागून व्हर्लीनने तिचे पाय स्वतःच्या बुटाने सारखे केले, खांदे दाबून खाली आणले. पहिल्या गोळीबरोबर रेलिनच्या तोंडातून किंकाळी निघाली, ती तिची तिलाही ऐकू आली नाही. पण रिव्हॉल्वर हातातच राहिलं. वजनानेच धरून ठेवल्यासारखं. सहाही उडवल्या तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दारूच्या धुराने असेल.

कागद तारेवरून सरसरत जवळ आला. वर्तुळं कोरी होती. भोकं सगळी तळाच्या काठाला, एकमेकांना चिकटून.

"चाप ओढताना नळी खाली जातेय," गार्लंड म्हणाला. "सगळ्या नवशिक्यांचं होतं."

व्हर्लीनने भोकांवरून बोट फिरवलं. "नवशिक्यांची अशी एका जागी नसतात पडत. ही नेम धरून मारतेय." तिने सुनेच्या कानावरचं झाकण उचललं. "पायावर मारतेयस ना?"

रेलिनने रिव्हॉल्वर खाली ठेवलं.

"मी शेजारी उभी आहे म्हणून?"

रेलिनने मान हलवली, हो म्हणून.

व्हर्लीनने तो कागद चिमट्यांतून काढला. बोलली तेव्हा आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तसा. "बारा वर्षांचा असताना कुऱ्हाड पायावर बसली होती त्याच्या. सगळी लाकडं फोडून झाली, रचून झाली, मग आला सांगायला. बूट उपडा केला तर रक्त ओतलं गेलं खाली. पायात लागून तो थांबायचा नाही, पोरी. कशानेच थांबत नाही तो. मी काय कमी केलं का थांबवायला?"

गार्लंड भिंतीकडे बघत उभा होता.

"दे तो दुसरा," ती त्याला म्हणाली.

माणसाचा कागद तिने स्वतःच लावला. चिमट्यांत अडकवला, मागे सरून पाहिला, पुन्हा काढून वर चढवला. "उंच आहे तो याच्याहून." कागदाला छातीपाशी घडी पडली होती. ती तिने तळव्याने सारखी केली, आणि तळवा तिथेच राहिला.

"इथे," ती म्हणाली. "माझा हात आहे ना, तिथे. दुसरीकडे कुठे नाही."

मग हात काढला, बटण दाबलं. कागद थरथरत लांब गेला.

रेलिनने मारलं. या खेपेला डोळे मिटले नाहीत. भोकं पडली ती तिथेच पडली जिथे पडायला हवी होती, आणि तिला वाटलं होतं तसा धीर वगैरे काही आला नाही. उलट आतलं काहीतरी कायमचं बंद झालं. शुक्रवारी काय होईल ते आता तिला स्पष्ट दिसत होतं. कसंही झालं तरी त्यातून कुणीच धड बाहेर येत नव्हतं.

"जमलं," गार्लंड हळू आवाजात म्हणाला. दोघींपैकी कुणीही त्याच्याकडे पाहिलं नाही.

घरात मूल आहे म्हटल्यावर त्याने आकड्यांनी उघडणारी पोलादी पेटीही दिली. परतताना ती रेलिनच्या मांडीवर होती, जड, थंड, झोपलेल्या बाळासारखी दोन्ही हातांनी धरलेली.

"ही बंद ठेवली तर उघडेपर्यंत तो आत येईल," ती म्हणाली. "उघडी ठेवली तर ओपलच्या हाताला लागेल."

"बंदच ठेव."

"मग उपयोग काय हिचा?"

व्हर्लीनने वळण घेतलं, चढ चढली, गिअर बदलला. "मी आजपासून तुमच्याकडे झोपते. दाराजवळच्या कोचावर. मला ओलांडून यावं लागेल त्याला."

"आणि आला ओलांडून तर?"

"तर तुला पेटी उघडायला तेवढा वेळ मिळेल."

रेलिनने सासूचा हात धरला. व्हर्लीनने तो धरू दिला, आणि पुढच्या वळणाला गिअरसाठी सोडवून घेतला.

दुपारी बसमधून उतरलेली ओपल कोचावर मॅमॉची उशी बघून नाचायलाच लागली. उशीवर लोळली, उशीचा वास घेतला, मॅमॉच्या सपाता पायांत घालून घरभर फटक फटक फिरली. कितीतरी दिवसांनी हे घर हसत होतं. जेवायला पिंटो बीन्स आणि मक्याचा पाव होता. ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून व्हर्लीन पाव कापत होती.

"मॅमॉ आता इथेच राहणार?"

"हो, पिल्ला," रेलिन म्हणाली. "काही दिवस."

"मॅमॉ बाबाची आई आहे ना?"

"हो."

"आणि तू माझी."

"मी तुझी."

ओपलने चमच्यातले बीन्स फुंकले, पण तोंडात घातले नाहीत. कपाळाला बारीक आठी घालून ती विचार करत होती. ओट्यावर सुरी थांबली होती.

"मग बाबाकडे कोण आहे?"