रेषेखालचं पोट

शुक्रवारी दुपारी पावणेचारला लोह्यातल्या अभ्यासिकेच्या छज्ज्याचं काँक्रीट ओतून झालं. सव्वाचारला लातूरमध्ये त्याच्या डिझायनर पंचशीला सोनकांबळे यांच्या मोबाइलवर फोटो आले, काँक्रीट पडण्याआधीचे. जाड सळया बीमच्या तळाशी होत्या. वर फक्त रिंगा धरायला दोन बारीक.

छज्ज्याचा बीम एका टोकाला भिंतीत धरलेला असतो, दुसरं टोक मोकळं. भाराने तो खाली झुकतो आणि वरची बाजू ताणली जाते. जाड सळई वरच लागते.

त्यांनी साइट सुपरवायझर हरिओमला फोन लावला.

"मॅडम, तुमच्या आकृतीत पोट रेषेखाली होतं. पोट जिकडं, सळई तिकडं. डिप्लोमाला हेच शिकवलं."

"आमच्याकडं उणे मोमेंट, म्हणजे वरची बाजू ताणणारा, रेषेखाली काढतात, हरिओम."

"मग उणे लिहायचं की. तसं काही न्हाई त्यावर."

त्यांनी आकृती पुन्हा उघडली: बीमची आडवी रेषा, आणि वाकवणारा जोर म्हणजे मोमेंट दाखवणारं पोट तिच्याखाली. उण्याची खूण नव्हती. सळयांचा नकाशा सोमवारी जाणार होता. कंत्राटदाराची घाई म्हणून गुरुवारी मोमेंटची आकृती तेवढी व्हॉट्सॲपवर पाठवली होती.

शनिवारी लोह्याला जाऊन त्यांनी छज्जा फोडायला सांगितलं. कंत्राटदार भुजंग हसला. "सळई मोजून टाकलीय मॅडम. आतच हाय, पळाली न्हाई."

पंचशीलांनी अभ्यासिकेच्या कमिटीला तसं पत्र दिलं. कमिटीचे सचिव त्यांचे वडील, केरबा. अभ्यासिकेच्या दारात, जिथं आता वर छज्जा आला होता तिथंच, खुर्ची टाकून ते दिवसभर बसत.

"बाबा, तिथं बसू नका. माझी चूक झालीय."

"तू पहिल्यापासून अशीच. पेपर देऊन आली की नापास होते म्हणायचीस, अन् वर्गात पहिली यायचीस." केरबांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं.

चौदाव्या दिवशी सकाळी नऊला हरिओमचा फोन आला. सेंट्रिंगवाला छज्ज्याखालचे टेकू न्यायला आला होता. "मी नको म्हणलो, मॅडम. तुमचे बाबाच म्हणले, काढा, पोरीचं डिझाइन हाय."

पंचशीला मिळेल त्या बसने निघाल्या. केरबा फोन उचलत नव्हते. भुजंगचा बंद होता.

साडेदहाला बसने अहमदपूर सोडलं, तेव्हा हरिओमचा मेसेज आला. सहापैकी चार टेकू निघाले. तुमचे बाबा खुर्ची आणायला गेलेत.