लिअँडरकाकांची चोरी

न्यूफाउंडलंडच्या आमच्या खाडीत नर्सला कुणी नाही म्हणत नाही. ‘समजलं का?’ विचारलं की सगळे माना डोलावतात आणि माझी पाठ वळली की आपलंच खरं करतात. त्यामुळे तो प्रश्न मी कधीच टाकून दिलाय. मी म्हणते, आता तुम्ही मला शिकवा.

लिअँडरकाका हृदयाचे पेशंट. अंगात पाणी साचून दोनदा शहरातल्या हॉस्पिटलात जाऊन आले होते. पुन्हा आणावं लागलं तर घरी पाठवणार नाही, शहरातल्याच वृद्धाश्रमात ठेवू, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बायकोशिवाय, म्हणजे ऑलिव्हकाकूंशिवाय, हा माणूस तिथे महिनाभरही जगला नसता. ते मला दिसत होतं, आणि त्या दोघांनाही.

त्या सोमवारी गेले तर काकांचे पाय टम्म सुजलेले. नडगीवर अंगठा दाबला, खळगा तसाच राहिला. वजन वाढलेलं. पलंगावरून खुर्चीत येईपर्यंत त्यांना धाप लागली.

“काकू, जेवणात मीठ?” मी विचारलं.

काकू उसळल्याच. “मीठ? अगं, मिठाची बरणी मी माझ्या हातानं समुद्रात भिरकावली! शेजारीण हसली मला. घरात कणभर सापडलं तर नाव बदलीन.”

“बरं. मग मला रविवारचं जेवण शिकवा.”

“इश्श! तुझ्या आईनं नाही शिकवलं?” पण काकूंचा चेहरा खुलला. “बादलीतलं खारं मांस रात्रभर भिजवायचं. सकाळी उकळायला टाकायचं. त्याच पाण्यात कोबी, गाजर, सलगम, बटाटे. ह्यांना अशक्तपणा आहे ना, म्हणून ते पाणीही गाळून ठेवते आणि रोज कपभर पाजते.”

माझी नजर काकांच्या नडगीवरच्या खळग्याकडे गेली. आमच्याकडे मीठ म्हणजे बरणीतलं. बादलीत मिठात मुरवलेलं असलं, तरी ते मांसच. मीही त्याच जेवणावर वाढले आहे, कुणाला काय बोलणार?

काकूंचा हात हवेतच थांबला. बाई हुशार. “बादलीतलं...” त्यांनी काकांच्या पायांकडे पाहिलं. “म्हणजे मीच गं. मीच पाजत होते.”

चूक दाखवा, पण दोष देऊ नका, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलंय. ते कसं करायचं हे मात्र कुणी सांगत नाही. मी शब्द शोधत होते, तेवढ्यात काका बोलले.

“तिचं काय ऐकतेस, व्हर्ना? चोर मी आहे. मागच्या शेडमध्ये खारवलेले मासे टांगलेत ना, ही दुपारी झोपली की जाऊन खातो. चांगले दोन-दोन.”

शेड घराच्या मागे, चढावर. आणि ह्या माणसाला खुर्ची गाठताना धाप लागत होती. काका माझ्याकडे रोखून बघत होते. बोटीचे कप्तान असताना हाताखालच्यांकडे बघत असतील, तसंच.

“लाज नाही वाटत?” मी आवाज चढवला. “बायको जिवाचं रान करतेय आणि तुम्ही चोऱ्या करताय?”

“वाटते ना,” काका खुशीत म्हणाले.

“काकू, आता मासेही बाहेर आणि बादलीही. चोराचा भरवसा नाही.”

मग डॉक्टरांना फोन लावला, लघवीची गोळी वाढवून घेतली. काकूंकडून सगळं परत वदवून घेतलं: ताजं मांस, भाज्या साध्या पाण्यात, ते पाणी मोरीत, रोज सकाळी वजन, वाढलं की मला फोन. एकही चूक नाही. उद्या येते म्हणून मी बॅग उचलली.

दारातून मागे वळून पाहिलं. काकू काकांच्या सुजलेल्या पायांखाली उशी सरकवत होत्या. डोळे वाहत होते, पण आवाज नेहमीचाच.

“खोटारडे कुठले,” त्या म्हणाल्या.